सुलटी लावलेली सात पानं

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार लिहिते आहे, घ्यायचा की नाही ते तू ठरव. तू टपाल कार्यालयातच बसतेस, तेव्हा पाकीट न फोडता परत पाठवायचं झालं तर तुला कुणाची मदत लागणार नाही. आईची तब्येत ठीक आहे. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या मनात पहिलं तेच येणार, म्हणून सुरुवातीलाच सांगते. अर्थात हे कळायला पाकीट फोडावंच लागेल.

पत्राचं कारण कामाचं आहे. आमचा वनस्पती संग्रह नव्या इमारतीत जातो आहे. तिथे कपाटं कमी आहेत. म्हणून वाळवलेल्या नमुन्यांचा एकेक कागद तपासायचा, त्याचा फोटो काढायचा आणि निरुपयोगी असतील ते काढून टाकायचे, असं चाललं आहे. काढून टाकायच्या नमुन्यांची यादी आमच्या आताच्या प्रमुखांनी माझ्याकडे दिली. आम्ही त्यांना नुसतं मॅडम म्हणतो, त्या तू गेल्यानंतर आल्या. नमुना ज्याने कागदावर चिकटवला तो अजून नोकरीत असेल तर त्याची सही लागते. यादीत एकशे बारा नमुने आहेत. त्रेसष्टावा तुझा आहे.

त्याच्यापुढे शेरा आहे: "संग्राहकाने नोंदवलेले वैशिष्ट्य नमुन्यात आढळत नाही. शंकास्पद."

मी कपाटातून तो कागद काढला, सोळा वर्षांनी. एक फांदी, सात पानं. डिंक कडेने पिवळा झाला आहे, पण पानं अजून झिलईची. आणि सातही सुलटी. प्रत्येक कागदावर निदान एक पान उलटं लावायचं, हा आपल्याकडचा पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम. वरची बाजू पाहुण्यांसाठी, खालची घरच्यांसाठी, असं तू नव्या मुलींना सांगायचीस. मीही आता तेच सांगते. तुझं वाक्य आहे असं मात्र सांगत नाही.

त्या कागदावर उलटं पान नाही. मी विसरले असेन. त्या दिवसांत काम फार होतं.

महिनाअखेरपर्यंत सही द्यायची आहे. मी ती देणार नाही. पुढे काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पण एवढं ठरलं आहे.

धाकटी


९ फेब्रुवारी

ताई,

पत्र परत आलं नाही. म्हणजे तू ते वाचलंस, नाहीतर खणात टाकलंस. यातल्या कशालाच मी उत्तर समजत नाही.

मागच्या पत्रात 'विसरले असेन' असं लिहिलं होतं. ते वाक्य पाच दिवस खुपतं आहे. रोजनिशीत मी कधी खोडाखोड करत नाही, चूक असेल तर खाली दुरुस्ती लिहिते. ही तशीच दुरुस्ती. मी विसरले नव्हते.

तू त्या उतारावरून परत आलीस तेव्हा बूटही न काढता सरळ माझ्या टेबलापाशी आलीस. वहीच्या कागदांमध्ये दाबलेली ती फांदी समोर ठेवलीस. एकच फांदी, कारण झाड एकच होतं आणि त्याला ओरबाडणं तुला पटलं नव्हतं.

"वाळली की चिकटव. आणि दोन पानं उलटी लाव. एक नको, दोन," तू म्हणालीस. "मागे खोल्या आहेत."

"कसल्या खोल्या?"

तू भिंग पुढे केलंस. "बघ की."

"नंतर बघते. हात डिंकाचे आहेत."

मग तूच सांगितलंस. मधल्या शिरेतून बाजूची शीर जिथे फुटते तिथे, त्या काखेत, एक खळगा. तोंडाशी केसांचा झुबका, दाराला पडदा लावावा तसा. आत डोळ्यांना जेमतेम दिसतील असे किडे राहतात, बाहेर येऊन पानावर धरणारी बुरशी खातात आणि पुन्हा आत जाऊन बसतात. "झाडाने भाडेकरू ठेवलेत," तू म्हणालीस, "आणि भाडं म्हणून ते झाडलोट करतात. आपल्या वरच्या मजल्यावरच्यांना दाखवायला हवं." त्या जातीच्या झाडाला अशा खोल्या असतात असं तोवर कुणी नोंदवलेलं नव्हतं. म्हणजे हे झाड निराळं होतं, आणि तसं म्हणणारी पहिली तू. चार महिन्यांत तू त्याचा लेख लिहून काढलास. तुझा चेहरा त्या दिवसांत कसा होता ते मला लख्ख आठवतं.

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा तात्पुरती होते. मला कायम करायचं की नाही ते ठरवण्यासाठी आपले तेव्हाचे प्रमुख, मोठे सर, त्या आठवड्यात माझं काम पाहायला येणार होते. उलटं पान वाळल्यावर फिकट आणि केसाळ दिसतं, आजारी माणसासारखं. सात पानं, सातही सारखी चमकणारी, फांदीला बरोबर बाक. मला तो कागद देखणा करायचा होता. मी एक पान उलटं धरून पाहिलं, बरं दिसेना, म्हणून सुलटं केलं. उलटं धरलं तेव्हा माझी नजर कागदाच्या रचनेवर होती, पानावर नव्हती.

आणखी एक. 'एक नको, दोन' यात मोठ्या बहिणीचा सूर होता आणि मला त्या दिवशी तो नको होता. हे खरंच कारण होतं की आज बसल्या बसल्या सुचलं, मला ठरवता येत नाही. दोन्ही लिहून ठेवते.

लेख तपासणीला गेला तेव्हा मोठ्या सरांच्या खोलीत काय झालं ते तुला माहीत आहे. तू तिथेच होतीस, तेव्हा ते लिहीत नाही.

धाकटी


१४ फेब्रुवारी, रविवार

ताई,

ते लिहावंच लागणार आहे.

आज आईला तुझा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखी गॅलरीत गेले, पण दार पूर्ण ओढलं नाही. कबूल करते. आई म्हणत होती, "अगं, ती पत्रं पाठवतेय, वाचतेस तरी का?" मग बराच वेळ ती नुसती "हं, हं" करत राहिली. तू ठेवल्यावर मी आत आले.

"काय म्हणाली?"

"दार उघडं ठेवून ऐकत होतीस, मला कशाला विचारतेस?"

"तुझं ऐकू आलं. तिचं कसं येणार?"

आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तुला माहीत आहे, हे ती कधी करते. "म्हणाली, तिला सांग, पान उलटं लावलं नाही तर नाही लावलं. चिकटवताना तिने मागची बाजू पाहिली होती ना? काही नव्हतं ना? मग विषय संपला. मला भास झाला होता." मग आई म्हणाली, "भास म्हणे. पाच वर्षांची असल्यापासून भिंतीवरच्या मुंग्या मोजणारी पोरगी. हिला भास. घरात एक कुंडी ठेवत नाही, विचारलं तर म्हणते मला झाडातलं काही कळत नाही."

मी सोळा वर्षं समजत होते की तू माझ्यावर रागावून गेलीस. मी खोटं बोलले हे तुला ठाऊक आहे, आणि म्हणून तू माझ्याशी बोलत नाहीस. तो राग मला मान्य होता. जवळजवळ सोयीचा होता म्हण, कारण शिक्षा चालू असली की कबुली द्यावी लागत नाही.

आणि तू तर माझ्यावर विश्वास ठेवला होतास.

सरांच्या खोलीत ते टेबल, त्यावर तो कागद. सर म्हणाले, "नमुना एकुलता एक आहे. सोडवायला गेलो आणि फाटला तर हातात काहीच राहणार नाही. चिकटवताना मागची बाजू कुणी पाहिली?"

"मी पाहिली सर. काही नव्हतं."

"एकही खळगा नाही?"

"एकही नाही."

उलटं पान का नाही, हे सरांनी विचारू नये म्हणून मी ते बोलले. मागे काही नाहीच म्हटल्यावर उलटं लावायची गरज उरत नव्हती. तेवढ्यापुरतंच बोलले होते. ते कुठपर्यंत जाईल याचा मी विचार केला नाही. तू माझ्याकडे वळून पाहिलंस. मला वाटलं तू मला चोर म्हणतेस. आज वाटतं, तू तेव्हा स्वतःच्या डोळ्यांना जाब विचारत होतीस. सर म्हणाले, "ज्याला जे हवं असतं ते त्याला दिसतं, होतं असं." तू वही मिटलीस, आणि थोड्याच दिवसांत नोकरी सोडून गेलीस. पुढच्या वर्षी रस्त्यासाठी तो उतारच कापला गेला. परत जाऊन पाहायला झाड राहिलं नाही.

म्हणून आता साध्या शब्दांत लिहिते. मी पाहिलं नव्हतं. सातांपैकी एकाही पानाची मागची बाजू मी पाहिली नव्हती.

खोल्या होत्या की नव्हत्या हे मला माहीत नाही. मला कधीच माहीत नव्हतं. तुला माहीत होतं, आणि ते मी तुझ्याकडून काढून घेतलं.

माफी या पत्रात मागत नाही. आधी काम करते.

धाकटी


१७ फेब्रुवारी

ताई,

काल मॅडमच्या खोलीत गेले, सोबत दोन कागद घेऊन. एक अर्ज: त्रेसष्ट क्रमांकाच्या नमुन्यातलं एक पान सोडवून मागची बाजू तपासण्याची परवानगी मिळावी. दुसरं निवेदन: सोळा वर्षांपूर्वी या नमुन्याबद्दल मी जे तोंडी सांगितलं ते न पाहता सांगितलं होतं.

मॅडमनी अर्जावर लगेच सही केली. निवेदन दोनदा वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"हे आत्ता नको. आधी पान सोडवा. खोल्या निघाल्या तर मग द्या, शोभून दिसेल. नाही निघाल्या, तर तुम्ही बोललात ते खरंच होतं की. उगाच कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

"नाही निघाल्या तरी मी पाहिलं नव्हतं हे बदलत नाही, मॅडम."

"त्याने फरक काय पडतो?"

"तेव्हा मी न बघता उत्तर दिलं. आता पान बघून मग खरं बोलायचं की नाही ते ठरवलं, तर सोळा वर्षांत मी काय शिकले?"

त्या खुर्चीत मागे रेलल्या. "चौकशी लागेल. तुम्ही चिकटवलेले दोन हजारांवर कागद आहेत. सगळ्यांवर प्रश्नचिन्ह येईल."

"यायला हवं. मी एकेक तपासून देते. कामाची वेळ संपल्यावर बसेन."

"तुमच्या घरात सगळेच असे हट्टी आहेत का?"

"मोठी जास्त आहे."

त्यांनी निवेदनावर आवक-शिक्का मारला. तारीख सोळा. पान शनिवारी सोडवायचं ठरलं. म्हणजे क्रम कागदोपत्री स्पष्ट आहे: आधी कबुली, मग पान. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. यातही थोडी मिरवण्याची इच्छा आहे का, असं काल झोपण्यापूर्वी रोजनिशीत लिहिलं. असेल. तरी क्रम बदलणार नाही.

निवेदनाची प्रत मोठ्या सरांनाही पाठवली. आता पंच्याहत्तरीला आले आहेत. आज दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "मी पान सोडवायला हवं होतं. तुला विचारलं, कारण विचारणं सोपं होतं. माझी चूकही नोंदव. पण तुझी खोडून नको, दोन्ही एकाखाली एक लिही." आवाज पूर्वीसारखाच, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा.

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

काल पान सोडवलं.

खालून तिसरं निवडलं, ते सगळ्यांत कमी चिकटलेलं दिसत होतं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टिपकागद पानावर ठेवला, वर काच. वीस मिनिटांनी बदलायचा. कडा सैल होऊ लागल्या तशी बोथट सुरी आत सरकवली, एका वेळी भाताच्या दाण्याइतकी. मॅडम शेजारी उभ्या होत्या. तीन तास कुणी खुर्चीत बसलं नाही.

कडा सुटल्या, देठ सुटला. मधोमध मात्र डिंक सुटेना. मी घाई केली नाही ताई, यावर विश्वास ठेव, पण शेवटी एक बारीक आवाज आला, जुनी साल सुटताना येतो तसा, आणि पान हातात आलं.

उलटं केलं. मागे खडबडीत, भुसभुशीत, तपकिरी. शिरा दिसत होत्या. त्यांच्या काखांत काही नव्हतं. भिंगाखाली धरलं, मग सूक्ष्मदर्शकाखाली. काही नव्हतं.

"काही नाही," मी म्हणाले. तेच शब्द. या वेळी पाहून.

मॅडम हळूच म्हणाल्या, "निवेदन तरी गेलं ना. झालं." मला रडू आलं नाही. मला वाटलं, ठीक, आता हे तुला जसंच्या तसं लिहायचं. दौत उघडावी तशी मी मनात वाक्यं जुळवायला लागले. आणि मग एक गोष्ट खटकली. पानाला मागची त्वचाच नव्हती. पर्णरंध्रं नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली एकही तोंड दिसत नव्हतं, नुसत्या आतल्या पोकळ पेशी. पान श्वास घेतं ती सगळी तोंडं मागच्या त्वचेत असतात, आणि ही त्वचा गेली कुठे?

तुला तुझं ते बिनरंगाचं नेलपॉलिश आठवतं? मी नववीत होते. तू ते पानाच्या मागे लावलंस, वाळू दिलंस, वर चिकटपट्टी दाबून ओढलीस आणि पट्टी काचेवर लावलीस. आई ओरडत होती की नखांना लावायचं ते पाल्याला फासतायत. मी पान उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला गेले, तर तू माझ्या हातावर चापट मारलीस. "पान नाही गं, पट्टी बघ. ठसा पट्टीवर आलाय." आणि खरंच, पट्टीवर शेकडो ओठ अर्धवट उघडे, काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखे.

मी पान बाजूला ठेवलं आणि कागद सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला.

मागची त्वचा कागदावर राहिली होती, डिंकात बसलेली, अखंड. तिच्यात तोंडं होती. मधल्या शिरेची रेघ होती. आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, जिथे जिथे बाजूची शीर फुटते तिथे, केसांचा एकेक झुबका डिंकात रुतलेला. मध्ये खळग्याची कड. तुझ्या वहीतल्या चित्रात जशी आहे तशी.

मॅडम बघत होत्या, मग पुन्हा मी, मग पुन्हा त्या. झुबके मोजायचं मला सुचलंच नाही. फोटो काढले. ते सोबत पाठवते आहे. पण फोटोवर जाऊ नकोस, आणि माझ्या शब्दावर तर मुळीच जाऊ नकोस.

मी देखणेपणासाठी लावलेला तो डिंक सोळा वर्षं तुझ्या बाजूने साक्ष धरून बसला होता. यात माझं श्रेय काही नाही. हे लिहिताना बरं वाटलं, म्हणून मुद्दाम लिहिते की काही नाही.

ताई, तुला भास झाला नव्हता. तुझे डोळे बरोबर होते. मी चुकले, आणि चुकीला खोटं जोडलं, आणि तू गेलीस तेव्हा अडवलं नाही. आता माफी मागते.

धाकटी


३ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. आईने आधी वाचलं, कार्डच ते, लपवणार काय. म्हणाली, "सोळा वर्षांनी लिहिलं आणि तेही उघड्यावर. पाकीट घ्यायला हिच्या कचेरीत पाकिटं संपली होती का?" पण ते तिने तिच्या उशाशी ठेवलं आहे, मला मागून घ्यावं लागतं.

पाचच ओळी. मला पाठ झाल्या आहेत.

"पाचही पत्रं वाचली. माफीचं सावकाश बघू, मला राग यायला वेळ हवा, सोळा वर्षं चुकीच्या माणसावर काढला. मी त्या दिवशी एका पानावर नऊ खोल्या मोजल्या होत्या. कुठलं पान ते आता आठवत नाही, खालून दुसरं किंवा तिसरं. तू किती मोजल्यास ते लिहिलं नाहीस. आधी नीट बघ, मग लिही."

तुझा राग घे. हवा तेवढा वेळ घे, मी इथेच आहे.

तुझा नमुना यादीतून निघाला. सोडवलेलं पान मी त्याच कागदावर पुन्हा लावलं, या वेळी उलटं. त्याची जुनी जागा मोकळी ठेवली आहे, त्वचेचा ठसा दिसावा म्हणून. कागद आता देखणा राहिलेला नाही. खाली चिठ्ठी चिकटवली: संग्राहकाची मूळ नोंद बरोबर आहे. नमुना चिकटवणारीने मागची बाजू न पाहता पाहिल्याचे सांगितले. तपासणाऱ्याने खातरजमा केली नाही. खाली माझं पूर्ण नाव, आणि सरांनी स्वतः येऊन त्यांचं घातलं. चौकशीचं पत्रही आलं आहे, पुढच्या आठवड्यात जायचं आहे. बाकीच्या दोन हजारांतले एकशे चाळीस तपासून झाले. त्यांत उलटं पान नसलेले तीन सापडले. त्यांच्याही चिठ्ठ्या लावल्या.

तुझा लेख पुन्हा पाठवता येईल असं मॅडम म्हणतात. तुझी वही लागेल. तू ती फेकलीस असं आई म्हणते. माझा विश्वास नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आज सकाळी उजेड चांगला होता. मी तीनदा मोजलं, दोनदा देठाकडून आणि एकदा टोकाकडून, आणि दर वेळी आकडा लिहून कागद पालथा ठेवला. खालून तिसरं पान. नऊ नाहीत, ताई. अकरा आहेत. शेवटच्या दोन अगदी टोकाजवळ, शीर बारीक होते तिथे, झुबके विरळ आहेत.

नऊ लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण अकरा आहेत. पटत नसेल तर ये, आणि स्वतः मोज.

धाकटी